पाणी तोडल्याने लघवीची घाई थांबत नाही

वाचकाचे पत्र : माझे वय ५४ आहे. बोरिवलीला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. मधुमेह सहा वर्षांपासून आहे, रक्तदाबही आहे. तीन वर्षांपूर्वी पाळी थांबली. गेल्या आठ महिन्यांपासून लघवीची भावना झाली की धीर धरवत नाही. गाडीत बसले की छातीत धडधडते, दोनदा मधेच अंधेरीला उतरावे लागले. घरी आल्यावर दाराला किल्ली लावतानाच थोडी लघवी होऊन जाते. म्हणून घरून निघताना पाण्याचा थेंबही घेत नाही. कार्यालयातील स्वच्छतागृह वापरण्याजोगे नाही म्हणून तिथेही फक्त चहा, तो पाच-सहा वेळा होतो. रात्री मात्र तहान आवरत नाही, जेवताना आणि नंतर मिळून दीड लिटर पाणी तरी पोटात जाते. रात्री तीन-चारदा उठते. संध्याकाळी पाय सुजतात, सँडलचे पट्टे रुततात. पोट साफ होत नाही. वजन ७८ किलो. मधुमेहासाठी गेल्या वर्षी डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झाले. रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी तीन नावे आहेत; सकाळच्या धांदलीत राहून जाते म्हणून ती झोपताना घेते. शेजारच्या काकू म्हणतात, वयाचे दुखणे आहे, चालायचेच. कार्यालयातील मैत्रीण म्हणते, माझी गोळी घेऊन बघ. हे आणखी वाढू नये म्हणून मी काय टाळू? आणि गणपतीला सावंतवाडीजवळच्या गावी जायचे आहे, ते जमेल का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचे मला विशेष कौतुक वाटते, कारण तुम्ही गोळ्यांची नावे पाकीट पाहून लिहिली आहेत. एरवी ‘बीपीची छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरच पत्रे थांबतात आणि उत्तर देणाऱ्याचे हात बांधले जातात. तुमच्या पत्रात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आधीच आलेले आहे.

लघवीची भावना एकाएकी आणि न थोपवता येईल इतक्या जोराने होणे, त्यासोबत वारंवार जावे लागणे, रात्री उठावे लागणे आणि कधी कधी पोहोचण्याआधीच थोडी लघवी होऊन जाणे, या लक्षणसमूहाला अतिक्रियाशील मूत्राशय किंवा दवाखान्याच्या भाषेत ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. मात्र जंतुसंसर्ग, मूतखडा किंवा तशाच दुसऱ्या कोणत्याही उघड कारणाने हे होत नाही, अशी खात्री झाल्यानंतरच हे नाव द्यायचे असते. मूत्राशयाची पिशवी ही एका स्नायूची बनलेली असते. ती भरत असताना तो स्नायू सैल राहतो आणि आपण परवानगी दिल्यावरच आकुंचन पावतो. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि पहिली चाहूल त्याच्या बऱ्याच आधी लागते. या विकारात तो स्नायू पिशवी अर्धीमुर्धी भरलेली असतानाच, न विचारता आवळू लागतो.

वयाबरोबर हे प्रमाण वाढते, हे खरे आहे, परंतु वय आठ महिन्यांत वाढत नाही. जे लक्षण एका विशिष्ट काळात सुरू झाले किंवा बळावले, त्यामागे त्या काळात काय बदलले हे आधी शोधावे लागते. काकूंच्या ‘चालायचेच’ या सल्ल्याला माझा आक्षेप आहे तो एवढ्यासाठीच. तुमच्या बाबतीत एकच मोठे कारण आहे असे मला वाटत नाही. लहान लहान पाच-सहा कारणे एकमेकांवर चढत गेली आहेत, आणि त्यांतील काही तर तुम्ही उपाय म्हणून स्वतःच सुरू केलेली आहेत.

प्रथम पाण्याविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत बोलके वाक्य तेच आहे. दिवसभर तुम्ही कोरड्या राहता आणि रात्री आठनंतर दीड लिटर पाणी पिता. ते पाणी मूत्रपिंडांतून पुढे सरकायला काही तास लागतात, आणि ते तास नेमके तुमच्या झोपेचे असतात. रात्री उठावे लागते म्हणून झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चहा वाढतो, आणि चहातील कॅफीन एकीकडे लघवीचे प्रमाण थोडे वाढवते, तर दुसरीकडे मूत्राशयाच्या स्नायूला डिवचते. दिवसा पाणी न पिल्याने लघवी गडद आणि दाट होते, मल कोरडा होतो, आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्या गटात वर्षभरातील संसर्गांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. अर्थात याचा उलटा अर्थ काढून तीन-चार लिटर पाणी पिण्याचीही गरज नाही. जे गरजेपेक्षा फार पितात त्यांनी पाव हिस्सा कमी केला तर त्यांची घाई कमी होते. एकूण दीड ते दोन लिटर, मुंबईच्या घामाच्या दिवसांत थोडे अधिक, लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके, आणि त्यातील मोठा भाग सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत, ही मांडणी तुम्हाला योग्य ठरेल. एका दमात तांब्याभर पिण्याऐवजी अर्धा अर्धा पेला प्यावा. झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत फक्त घसा ओला करण्यापुरते पाणी घ्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर मात्र तेच पाळावे.

आता गोळ्या. डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध २०२० मध्ये भारतात त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर पुष्कळ स्वस्त झाले आणि तेव्हापासून आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर दिले जाते. मूत्रपिंडे रक्तातील साखर गाळतात आणि पुन्हा रक्तात ओढून घेतात. हे औषध ती परत ओढण्याची वाट अडवते, त्यामुळे दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर जाते आणि तिच्यामागोमाग पाणीही जाते. औषध उत्तम आहे. हृदय आणि मूत्रपिंडे यांना त्याचा मोठा लाभ होतो. पण ज्यांच्या मूत्राशयाची आधीच घाई होते त्यांना ते जड जाऊ शकते, आणि गोड लघवीमुळे बाहेरच्या भागात बुरशीचा संसर्ग होऊन खाज व जळजळ सुरू होण्याचीही शक्यता असते. तुमचा त्रास या गोळीच्या आगेमागेच सुरू झाला का, हे जुन्या चिठ्ठ्या काढून पाहा. ती स्वतःहून बंद करू नका. तारखा घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर तीही याच मार्गाने लघवी वाढवते, त्यामुळे गोळी बंद करून साखर चढली तर हाती काहीच लागणार नाही.

रक्तदाबाच्या गोळीतील हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारे औषध आहे. ते झोपताना घेतल्यास रात्रीची लघवी वाढणारच. त्यातलेच ॲम्लोडिपिन अनेकांचे घोटे सुजवते. दिवसभर खुर्चीवर बसून आणि गाडीत उभे राहून पायांत उतरलेले ते पाणी तुम्ही आडव्या झाल्यावर पुन्हा रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते रात्री बाहेर टाकतात. म्हणजे तुमच्या रात्रीच्या तीन-चार खेपांना तीन वाटांनी पाणी मिळते आहे : जेवणानंतरचे पाणी, गोळीची वेळ आणि पायांची सूज. यांपैकी एकाही गोष्टीचा मूत्राशयाशी थेट संबंध नाही. गोळी सकाळी घेता येईल का आणि सूज ॲम्लोडिपिनचीच आहे की आणखी कशाची, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. तोवर संध्याकाळी घरी आल्यावर तासभर पाय उशीवर घेऊन पडा. ते पाणी झोपेआधीच निघून जाईल. तुम्ही मोठ्याने घोरता का, हेही घरच्यांना विचारा. झोपेत श्वास अडण्याच्या विकारात हृदयातून असे संप्रेरक सुटते की त्यामुळे रात्री लघवी जास्त तयार होते, आणि तो विकार ओळखला गेला नाही तर माणूस वर्षानुवर्षे मूत्राशयालाच दोष देत राहतो.

बद्धकोष्ठाकडे तुम्ही एका वाक्यात पाहिले आहे, मी मात्र त्याला बरेच महत्त्व देतो. गुदाशय आणि मूत्राशय हे एकाच खोलीत राहणारे शेजारी आहेत आणि त्यांच्या नसाही मज्जारज्जूच्या एकाच भागातून येतात. एक भरून राहिला की दुसऱ्याला जागा कमी पडते आणि चुकीचे निरोप जातात. शिवाय रोजच्या कुंथण्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडतात, ज्यांनी घाईच्या क्षणी वाट आवळून धरायची असते. भाजी-भाकरी, सालीसकट फळे, गरज पडल्यास भरपूर पाण्यासोबत इसबगोल, आणि सकाळी न घाईने बसण्याची दहा मिनिटे, एवढ्यानेही पुष्कळांचा मूत्राशय शांत झालेला मी पाहिला आहे. आहारातील मिरची, लिंबू, टोमॅटो यांच्याविषयी मात्र ठाम सांगण्याइतका पुरावा नाही. ज्याला जे बाधते ते त्याने आठवडाभर सोडून पाहावे, सर्वांनीच आमटी फिकी करण्याचे कारण नाही. चहा एकदम सोडला तर डोके दुखेल, म्हणून दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोन कपांवर या आणि दुपारी चारनंतर घेऊ नका. ‘ग्रीन टी’तही कॅफीन असते.

वजनाबद्दल बोलताना मला नेहमी संकोच वाटतो, कारण स्त्रियांना ते कोणत्याही दुखण्यात ऐकवले जाते. येथे मात्र त्याला भक्कम आधार आहे. पोटावरची चरबी मूत्राशयावर चोवीस तास दाब देते. जास्त वजन आणि लघवी निसटण्याचा त्रास असलेल्या ३३८ स्त्रियांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन उतरवणाऱ्या गटात लघवी निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले; ज्यांना केवळ माहिती दिली गेली त्या गटात ही घट २८ टक्के होती. तुमच्या बाबतीत आठ टक्के म्हणजे सुमारे सहा किलो.

पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि योनिमार्ग व मूत्रमार्ग यांचे अस्तर पातळ, कोरडे होते. घाई आणि वारंवार होणारा संसर्ग या दोन्हींना त्याने हातभार लागतो. त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम देतात. तोंडाने घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे, त्यांनी लघवी निसटणे वाढू शकते, म्हणून या दोहोंत गल्लत करू नये. धूम्रपानानेही घाई वाढते. ते तुम्हाला लागू नसावे, पण पत्र वाचणाऱ्या इतर कोणाला असेल.

आता थोडे मुंबईविषयी. आपल्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, आणि बोरिवली ते चर्चगेट हा तासाभराचा प्रवास ज्याला घाईचा त्रास आहे त्याच्यासाठी परीक्षाच असते. शहरातील स्त्रियांना स्वच्छ आणि विनाशुल्क मुतारी मिळावी यासाठी येथे २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालली, ती काही चैनीची मागणी नव्हती. घाणेरड्या स्वच्छतागृहात बसायचे टाळून अर्धवट वाकून उभ्या राहिलेल्या स्त्रीचे ओटीपोटाचे स्नायू सैल होत नाहीत आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. मग अर्ध्या तासात पुन्हा भावना होते. पिशवीत कागदी आसन ठेवा, टेका आणि सावकाश लघवी करा. कार्यालयातील स्वच्छतागृहाची तक्रारही लेखी करा. चार जणींनी सही केली की ती तुमची एकटीची तक्रार राहत नाही. वातानुकूलित कार्यालयातील गारठ्यानेही घाई वाढते, तेव्हा एक शाल खुर्चीवर असू द्या.

याच्या उलट एक सवय म्हणजे ‘असू दे, जाऊन येते’ म्हणत भावना नसतानाही दर अर्ध्या तासाने जाणे. मूत्राशयाला थोड्याच लघवीवर रिकामे होण्याचे वळण लागते, आणि किल्ली, नळाचा आवाज, घराचा जिना अशा खुणांशी घाई जोडली जाते. हे वळण सोडवता येते. तुम्ही आज जितक्या वेळाने जाता, समजा पाऊण तासाने, तेवढेच अंतर घड्याळ लावून पाळा आणि दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर न्या. मधे घाई झाली तर धावू नका. जागीच उभे राहा किंवा बसा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडा, मनात शंभरापासून उलटे आकडे मोजा. लाट ओसरली की मग शांतपणे चालत जा. दाराशी किल्ली काढण्याआधी जिन्यावर एक मिनिट हेच करा. याच स्नायूंचा नियमित व्यायाम, ज्याला कीगल म्हणतात, तोही करा. परंतु लघवी करताना मधेच धार थांबवून तो करू नये. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात निराश होऊ नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवसांची एक नोंदवही करा, हे माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. स्वयंपाकघरातील जुना मापाचा मग घ्या. काय आणि किती प्यालात, किती वाजता गेलात, किती मिलिलिटर लघवी झाली, घाई होती का आणि निसटली का, एवढेच लिहा. त्यातले दोन दिवस सुट्टीचे असले तरी चालेल. कार्यालयात मग घेऊन जाण्याची अपेक्षा कोणीच करणार नाही. मग त्या वहीकडे असे पाहावे. प्रत्येक वेळी ८०-१०० मिलिलिटरच होत असेल आणि चोवीस तासांची बेरीज दीड लिटरच्या आसपास असेल, तर मूत्राशय चिडखोर झाले आहे. प्रत्येक वेळी ३०० मिलिलिटर होत असेल आणि बेरीज अडीच-तीन लिटरच्या वर जात असेल, तर मूत्राशय बिचारे आपले काम करते आहे. साखर, गोळ्या किंवा पाणी यांच्याकडे पाहायला हवे. आणि एकूण प्रमाण ठीक असूनही रात्रीची लघवी, त्यात सकाळी उठल्यावरची पहिली लघवीही धरून, एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, तर रात्रीचे कारण वेगळे शोधावे लागते. ही तीन चित्रे वेगवेगळी असून त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसत्या ‘मला सारखे जावे लागते’ या वाक्यावरून ती ओळखता येत नाहीत.

म्हणूनच मैत्रिणीची गोळी घेऊ नका. या विकारावरच्या एका जातीच्या गोळ्या मूत्राशयाचा स्नायू सैल करतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ वाढतो, आणि वय वाढलेल्यांत स्मरणाच्या तक्रारी संभवतात. मिराबेग्रॉन हे दुसऱ्या जातीचे औषध रक्तदाब वाढवू शकते, त्यामुळे रक्तदाब आटोक्यात नसणाऱ्यांना ते देताना जपावे लागते. तुम्हाला त्याहून मोठी अडचण अशी आहे की दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावून ते पूर्ण रिकामे होईनासे होते, आणि वरून उतू जाणारी लघवी घाईसारखीच भासते. अशा माणसाने स्नायू सैल करणारी गोळी घेतली तर लघवी तुंबते. लघवी केल्यानंतर आत किती उरते हे सोनोग्राफीत दहा मिनिटांत कळते. ते पाहिल्याशिवाय गोळी सुरू होऊ नये. त्यासोबत लघवीची साधी तपासणी, गरज असल्यास कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. कल्चर न करता केमिस्टकडून प्रतिजैविकाची पट्टी आणण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिने निदान पुसट होते एवढेच.

घरातील पुरुषांनाही हे सारे लागू आहे, फक्त पन्नाशीनंतर त्यांत प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीची भर पडते. धार बारीक झाली असेल तर त्यांनी सर्दीच्या गोळ्यादेखील विचारूनच घ्याव्यात, कारण त्यांनीही लघवी तुंबू शकते.

लघवीतून रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात होईनाशी झाली, किंवा पायांत अशक्तपणा येऊन जांघेचा आणि बसण्याचा भाग बधिर झाला, तर नोंदवहीची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

राहिला गणपतीचा प्रश्न. जरूर जा. रात्रीच्या बसऐवजी कोकण रेल्वेची गाडी धरा, कारण लांब पल्ल्याच्या गाडीत स्वच्छतागृह असते आणि ते डब्यात आहे या जाणिवेनेच निम्मी घाई उतरते. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते आणि गणपतीच्या तारखांना ते मिनिटांत संपते, तेव्हा तारीख आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. डब्याच्या टोकाकडची, खालची जागा मागा. गोळ्यांतील कोणताही बदल प्रवासाच्या आठवड्यात करून पाहू नका, तो आधीच उरकून घ्या. आणि प्रवासभर कोरड्या राहू नका. पनवेल सुटले की अर्धा पेला पाणी प्या.